दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा

ब्रिटाची सॅक दाराआड भरून तयार असायची आणि रोज सकाळी थोडी थोडी रिकामी व्हायची. आधी टॉवेल बाहेर, मग कंगवा, मग एखादा सदरा. पनवेलच्या स्टँडवरून गोव्याची गाडी रोज सुटत होती, आणि रोज ब्रिटा तिच्यात नव्हती.

उद्या जाते, असं ती म्हणायची. जाशील गं, चकल्या तळून होऊ देत, असं पद्मजा म्हणायची. चकल्या झाल्या की करंज्या निघायच्या, करंज्या झाल्या की शेव. पद्मजा शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं तिच्याच तोंडून इकडचं तिकडे होई. सासूचं मराठी ब्रिटाकडे, ब्रिटाचं इंग्रजी सासूकडे. मध्ये उभी राहून ती आपलेही चार शब्द घुसडायची.

पण ब्रिटाला अडवणारा फराळ नव्हता. तिने पद्मजाच्या नवऱ्याला पाहिलं होतं. त्याला पाहिलेले डोळे घराबाहेर कोण जाऊ देईल?

नव्वद सालची ही दिवाळी. श्रावणात कुवेतमध्ये रणगाडे शिरले आणि तिथे एसी दुरुस्तीच्या कामावर असलेल्या या नवऱ्याचा, सत्यजीतचा, आवाज फोनमधून नाहीसा झाला. मग कळलं की माणसं वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या हद्दीवर तंबूंत येऊन पडलीत आणि अम्मानहून विमानं भरभरून मुंबईला येताहेत. गणपती गेले, घट उठले. सत्यजीतचे वडील काशिराम, म्हणजे घरातले अण्णा, रोज एसटीने सहारच्या विमानतळावर जात, विमानातून उतरलेल्या माणसांच्या वाटेत उभे राहत, पनवेलचा कुणी सत्यजीत दिसला का, असं विचारून विचारून घसा बसला की परत येत. दसरा उलटला आणि एक दिवस दारात ही उभी. उन्हाने तांबडी झालेली, पाठीवर घर घेतलेल्या गोगलगाईसारखी. तोंडात मराठीतले दोनच शब्द.

"बराय. येतोय."

सत्यजीतची आई, कुमुदकाकू, तेव्हा तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. 'बराय' मधला तो ओढलेला रा, वर्गात पहिला आला तरी आणि झाडावरून पडला तरी, त्यांचा मुलगा असाच ओढायचा. शब्द परक्या तोंडातून आले होते, पण आवाज घरचा होता. कुमुदकाकूंनी विश्वास ठेवला.

आणि तो बरा नव्हता.

ब्रिटा स्वीडनहून हिंदुस्थान बघायला निघाली होती. वाटेत अम्मानला विमान बदलताना तिने ऐकलं की हद्दीवरच्या तळावर पाणी वाटायला हात कमी पडताहेत, म्हणून ती थांबली. तिथे पाण्याच्या रांगेत एक माणूस खाली बसला आणि उठलाच नाही. अंग चुलीसारखं. अम्मानच्या इस्पितळापर्यंत ट्रकच्या फळीवर त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मध्येच शुद्धीवर यायचा आणि तिला ते दोन शब्द शिकवायचा. तसं नाही, ओढून म्हण. माझ्या घरी जा, पनवेलला, वडाळे तळ्याच्या काठी, कुणालाही विचार. आईला तापाचं सांगू नको, तिला सोसायचं नाही. मग पुन्हा डोळे मिटायचा.

पुढे ती तळावरून रोज इस्पितळात फोन करायची. तो नंबर तिच्या बोटांनाच पाठ झाला होता. शेवटच्या दिवशी पलीकडची नर्स म्हणाली, ताप हटत नाही. दुसऱ्या दिवशी ब्रिटाचं विमान होतं. दिल्लीहून तिने एकदा फोन लावून पाहिला, लागला नाही. पुन्हा लावला नाही. न लावलेल्या फोनमध्ये माणूस जिवंत असतो.

आता ती या घरात होती आणि पद्मजा रोज नवं काहीतरी विचारत होती. दाढी वाढली होती का? अंगात शर्ट कुठला होता, निळा? माझं नाव काढलं का? ब्रिटा उत्तरं रचत गेली. हो, निळाच. हो, काढलं. खूप हसवलं त्याने सगळ्यांना. एकदा तर ती बोलून गेली की तो अंगाने चांगला भरलाय.

"वाळवंटात?" बेसन भाजता भाजता कुमुदकाकूंनी विचारलं. "नुसत्या पावावर? माझ्या हातचं खाऊन कधी भरला नाही मेला."

पद्मजा हसली, सासूचं बोलणं इंग्रजीत करून तिने ब्रिटालाही हसवलं. कुमुदकाकूंचं उलथनं मात्र कढईत क्षणभर थांबलं होतं.

दिवाळी गावात उतरली तशी ब्रिटाला घर पुरेना. ती तळ्याला फेऱ्या घालायची. ओट्याओट्यावर पणत्या, खिडक्याखिडक्यांत कंदील, पोरींच्या बोटांतून झरणारी रांगोळी. लोक तिला बोलावून हातावर करंजी ठेवायचे, आवडली का विचारायचे, ती आवडली म्हणायची आणि पुढे सरकायची. फटाका वाजला की दचकायची. पोरांना वाटे मडम भित्री आहे, म्हणून ती मुद्दाम तिच्या मागे लवंगी सोडायची.

तिच्या गावी याच सुमारास, पानगळ झाली की, लोक कबरींवर दिवे लावतात. संध्याकाळी कब्रस्तान असं लुकलुकतं की लांबून गाव तिकडेच वसलाय असं वाटावं. त्या दिव्यांपाशी कुणी बोलत नाही. इथे प्रत्येक उंबऱ्याशी दिवा होता आणि दिव्याभोवती बडबड, हसू, भांडणं. तरी तिच्या डोळ्यांना सवय जुनीच. प्रत्येक पणतीपाशी कुणीतरी गेलेलं आहे असं तिला वाटायचं, आणि कोण, ते मनात येऊ नये म्हणून ती आणखी जोरात चालायची.

एका घरात मात्र कंदील नव्हता. तो माळ्यावरच होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सत्या येऊ दे, मग लावू, असं कुमुदकाकू म्हणाल्या होत्या.

धनत्रयोदशीला दिवेलागणीआधी कुमुदकाकूंनी कणीक घेतली, हळद घातली, घट्ट मळली. तिचा दिवा केला, त्याला चिमटीने चोच काढली, वात आणि तिळाचं तेल घातलं. ब्रिटा तेलाची वाटी धरून शेजारी उकिडवी बसून बघत होती. कुणी बघतंय याचंही त्या बोटांना भान नव्हतं. कुमुदकाकू स्वतःशीच गुणगुणत होत्या, जात्यावर बसल्यासारख्या, जातं नसताना.

यमाजी भाऊराया
घे रे कणकेचा दिवा
माझा परदेशी रावा
नको नेऊ

हे गाणं कसलं, असं ब्रिटाने विचारलं. पद्मजाने सांगितलं. हा दिवा देवाचा नाही, यमाचा आहे, मरणाच्या राजाचा. एरवी दिव्याचं तोंड दक्षिणेला करायचं नसतं, ती त्याची दिशा. वर्षातून एवढाच एक दिवस करायचं. त्याला सांगायचं, हा दिवा घे, आमच्या माणसाला अवेळी नेऊ नको. दिवा बाहेर ठेवला की मागे वळून पाहायचं नाही, सरळ घरात यायचं.

ब्रिटाच्या हातातली वाटी खाली लवंडली. तिळाचं तेल फरशीवर पसरलं. पद्मजा फडकं आणायला गेली.

अंगणाच्या कडेला, तळ्याकडच्या बाजूला, कुमुदकाकूंनी दिवा ठेवला, ज्योतीचं तोंड दक्षिणेला केलं, हात जोडले आणि वळल्या. पद्मजा त्यांच्यामागे. दोघींनी मागे पाहिलं नाही. दार लोटलं गेलं. ब्रिटा अंगणातच राहिली.

तळ्यावरून वारं आलं. आधी एक झुळूक, तुळशीची पानं हलवण्यापुरती. मग दुसरी. चोचीवरची ज्योत आडवी झाली, निळी झाली, वातीच्या टोकाला लोंबली. ब्रिटा धावली. दोन्ही तळहातांची ओंजळ तिने दिव्याभोवती धरली. ज्योत उभी राहिली. वारं बोटांमधून आत येत होतं. ती वाऱ्याला पाठ देऊन बसली, सदऱ्याचा घोळ पसरला, तरी ज्योत थरथरतच होती. गल्लीत कुठेतरी सुतळी बॉम्ब फुटला. ब्रिटा या वेळी हलली नाही. ती स्वीडिशमध्ये काहीतरी पुटपुटत होती. मग तिला सुचलं. तिने तो मऊ, कोमट दिवा दोन बोटांनी अलगद फिरवला. वाऱ्याकडे त्याची पाठ झाली, तोंड घराच्या दाराकडे. ज्योत सरळ झाली, शांत जळू लागली. घराचा उंबरठा उजळला.

उजेड तिथे दिसला म्हणूनच कुमुदकाकू बाहेर आल्या.

यमाचा दिवा घराकडे तोंड करून जळत होता. त्याच्यापुढे ही परकी पोरगी अजून ओंजळ धरून गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. कुमुदकाकूंचा हात आधी छातीवर गेला. दारात आलेली पद्मजा किंचाळायची तेवढी राहिली होती. "अगं, काय केलंस हे. घरात बोलावलंस त्याला." पण कुमुदकाकूंनी हाताने तिला गप्प केलं. त्या खाली वाकल्या. दिवा पुन्हा दक्षिणेकडे फिरवला. वाऱ्याने तो लगेच विझवला, पण विझलेल्या वातीकडे कुमुदकाकूंनी पाहिलंही नाही. त्या ब्रिटाच्या तोंडाकडे बघत होत्या. पुष्कळ वेळ.

मग म्हणाल्या, जेवून घे.

पद्मजाने ब्रिटाच्या पानात पोळी वाढली ती जरा लांबूनच.

नरकचतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत न्हायचं. न्हाणार नाही तो नरकात जातो, हे पनवेलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बंब पेटला होता. गल्लीत पहिले फटाके वाजत होते, कुणाकुणाच्या घरात पोरांना अंथरुणातून ओढून काढण्याची झटापट ऐकू येत होती. काशिराम आदल्या दुपारीच सहारला गेले होते. पहाटे एक विमान यायचं होतं, आणि आता शेवटचीच विमानं उरलीत असं लोक म्हणत होते.

कुमुदकाकूंनी पाट मांडला, पाटाभोवती रांगोळीचं बोट ओढलं, आणि ब्रिटाला बसायची खूण केली. पद्मजाने आधी सासूकडे पाहिलं, मग तेलाची वाटी पुढे ठेवली. दाराबाहेर तुळशीपाशी कारीट ठेवलेलं होतं. न्हाऊन आलं की ते कडू फळ डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, की नरकासुर मेला.

कोमट तेल ब्रिटाच्या टाळूवर पडलं. मग बोटं फिरू लागली. कपाळापासून मागे, कानांमागून मानेवर. त्या हातांना घाई नव्हती. तिच्या डोक्याला कुणी असं धरलं त्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. तिची मान सैल झाली. उटण्याचा वास आला, बंबातल्या लाकडाचा धूर आला. सत्यजीतचं डोकं आपण असंच धरलं होतं, हे तिला आठवलं, आणि ते बोटांना कळल्यासारखी बोटं थांबली.

कुमुदकाकू पुढे आल्या. तेलकट तळहात त्यांनी ब्रिटाच्या कपाळावर ठेवला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"सत्या," त्या म्हणाल्या. "फिवर?"

या एका शब्दाला पद्मजाची गरज नव्हती.

ब्रिटाने 'बराय' म्हणायला तोंड उघडलं. पण तिने मान हलवली. हो.

मग सगळं आलं, एकदम, इंग्रजीत, मध्येच स्वीडिशमध्ये. ट्रक, मांडीवरचं डोकं, इस्पितळ, न हटणारा ताप, दिल्लीहून न लागलेला फोन. पद्मजा आधी भाषांतर करत होती. मग तिने ते मध्येच सोडून दिलं.

"रोज विचारत होते मी तुला," ती मराठीतच बोलली. "रोज. निळा शर्ट म्हणालीस. हसवलं म्हणालीस. अण्णा तिकडे विमानतळावर पाय मोडेस्तोवर उभे राहतात. तो विमानात नसणारच हे तुला ठाऊक होतं."

ती ताडकन बाहेर गेली. तुळशीपाशी तिने पाय उचलला आणि न्हाऊन यायची वाट न बघता कारीट फोडलं. डाव्या अंगठ्याने नव्हे, सगळ्या टाचेने. बिया पायरीपर्यंत उडाल्या.

कुमुदकाकू पाटापाशीच बसल्या होत्या. ब्रिटाला वाटलं, आता या कोसळतील, सत्यजीतने सांगितलं होतं तशा. त्या कोसळल्या नाहीत. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा दिसला.

"पद्मा, इकडे ये. तिला सांग. बऱ्या माणसासाठी कुणी यमाच्या दिव्याला ओंजळ धरत नाही. मला काल संध्याकाळीच कळलं. रात्रभर मी धीर गोळा करत होते." मग आवाज बदलला. "आणि विचार, त्या इस्पितळाचा नंबर आहे का तिच्यापाशी."

ब्रिटाने हवेतच बोटं फिरवली, एकापाठोपाठ एक आकडे. एकही चुकला नसणार.

तिघी तशाच निघाल्या. पद्मजा पुढे, तिच्या टाचेला कारिटाचा गर. मागे कुमुदकाकू, हाताला तेल. त्यांच्यामागे ब्रिटा, केस तेलाने चपटलेले, अर्ध्या गालावर उटणं वाळत चाललेलं. गल्लीतली माणसं न्हाऊन, नवे कपडे घालून अंगणात आलेली. पोरांच्या कपाळावर कुंकू, कानांमागे अत्तर. सगळे या तिघींकडे बघत राहिले. कुणी हाक मारली, कुणी विचारलं, कुमुदकाकूंनी कुणाला उत्तर दिलं नाही. देवळापाशी पोहोचेपर्यंत पूर्वेला तांबडं फुटलं आणि बाजाराच्या तोंडाशी आल्यावर सूर्यच उगवला. पद्मजाने सासूकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या या दिवशी पारोशा होत्या.

फारूकचं कापडाचं दुकान दिवाळीत लवकर उघडायचं. कोपऱ्यात काचेची खोली होती, परदेशी फोन लावायची. तो स्वतः पुष्कळ वर्षं आखातात राहून आलेला, अरबी बोलायचा. गेले दोन महिने कुमुदकाकूंसाठी कुठे कुठे फोन लावून त्याची बोटं झिजली होती.

"काकी, आज न न्हालेली बाई तुमच्यात पहिल्यांदा बघतोय," तो हसत म्हणाला. मग त्यांचं तोंड बघून त्याने हसू गिळलं, गिऱ्हाइकाचं ठाण तसंच टाकून काचेच्या खोलीत शिरला.

नंबर ब्रिटाने फिरवला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा मध्येच तुटला. दुकानात एक बाई साडीचा पदर उजेडात धरून रंग बघत होती, ती तशीच थांबली. तिसऱ्यांदा पलीकडे घंटा वाजू लागली. ब्रिटाने रिसीव्हर फारूकच्या हातात दिला आणि काचेला पाठ लावून उभी राहिली. आता तो फोन लावलेला होता.

फारूक बोलत राहिला. सलाम, मग नाव, मग पुन्हा नाव, अक्षरं सुटी सुटी करून. थांबला. पलीकडे कुणी शोधायला गेलं असावं. भिंतीवरचं फोनच्या बिलाचं यंत्र टिकटिक करत होतं. पद्मजाने कधी ब्रिटाचं मनगट धरलं ते तिलाही कळलं नाही. जोरात धरलं होतं, नखं रुतत होती, आणि ब्रिटाने ती रुतू दिली.

फारूकचे खांदे खाली आले.

"आहे, काकी. अल्लाची मेहेरबानी. ताप परवा उतरला. अशक्तपणा फार आहे, अजून काही दिवस सोडणार नाहीत. झोपलाय. उठवत नाही म्हणते नर्स, रात्र आहे तिकडे अजून."

"रात्र?" कुमुदकाकूंनी विचारलं.

"हो ना. तिकडे सूर्य उगवायला पुष्कळ वेळ आहे."

कुमुदकाकूंच्या चेहऱ्यावर काहीतरी पेटलं. पद्मजाने ते ओळखलं. तिकडे अजून उजाडायचं आहे. सांगितलं तर कुणी चार तांबे ऊन पाणी... त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. तेलकट हात लुगड्याला पुसला आणि पुढे आल्या.

"तिला सांग, त्याला आज मुळीच न्हाऊ घालू नका म्हणावं. ताप आत्ताच उतरलाय. फार तर टाळूला तेलाचं बोट लावा."

"सांगतो."

"आणि जागा झाला की तो विचारेल. लहानपणापासून ऐकत आलाय, आज न्हाला नाही तो नरकात जातो. तर म्हणावं, आईसुद्धा न्हालेली नाही. पडून राहा गुमान. नरकाचं मी बघून घेते."

फारूकने कान खाजवला. मग त्याने अरबीत सांगायला सुरुवात केली, हळूहळू, मध्ये अडखळत. त्या न कळणाऱ्या बोलण्यात पद्मजाला 'जहन्नम' एवढं ऐकू आलं. मग तारेतून, वाळवंट आणि समुद्र ओलांडून, एका अनोळखी बाईचं हसू आलं, बारीक, झोपाळलेलं, रिसीव्हरबाहेर सांडण्याइतकं.

ब्रिटाला कुणीतरी ते सगळं समजावून सांगायला हवं होतं. पद्मजा बोलू लागली आणि तिलाच रडू आलं.

"चला," कुमुदकाकू दुकानाची पायरी उतरत म्हणाल्या. "बंबातलं पाणी निवलं असेल. पुन्हा तापवायला लागेल. पद्मा, सहारला कुणाला तरी पाठव, म्हाताऱ्याला घरी आणा म्हणावं." दोन पावलं गेल्यावर त्या ब्रिटासाठी थांबल्या. तिच्या तेलकट केसांची एक बट त्यांनी कानामागे सारली. "आणि हिला सांग, कंदील माळ्यावर आहे. हिचा हात पोचतो."